खिशातल्या कॉईनला तीस टक्के, केमनच्या कागदाला साडेबारा

बिटकॉईन तोच, भाव तोच, चढउतारही तोच. म्हापशात मोबाईल दुरुस्त करणारा एखादा तरुण तो फोनवरच्या ॲपमधून घेतो. पणजीतला एखादा सधन माणूस केमन आयलंड्समध्ये नोंदवलेल्या फंडाचे युनिट घेतो, आणि त्या फंडाच्या पोटातही बिटकॉईनच भरलेला असतो. तीन वर्षांनी दोघांनी विकलं की आपला प्राप्तिकर कायदा पहिल्याकडे तीस टक्के मागतो आणि दुसऱ्याकडे साडेबारा. पहिल्याला झालेला तोटा कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसतो, दुसऱ्याचा तोटा मात्र रीतसर वजा होतो. फोंड्यात मी बरीच वर्षं लोकांची रिटर्न भरतो आहे. करकायद्यातल्या विसंगती नव्या नाहीत, पण इतकी उघडी आणि इतकी उफराटी विसंगती मी क्वचित पाहिली आहे. गोव्यात ती आणखी एका कारणाने बोचते, त्याकडे मी पुढे येतोच.

आधी कायदा. २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असा एक नवा वर्ग काढला. कलम ११५ बीबीएच आलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट तीस टक्के, वर चार टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडली तर कुठलाही खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षातही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून कलम १९४ एस खाली प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जाऊ लागला. नफा होवो की तोटा, विक्रीच्या रकमेवर एक टक्का. ठरावीक मर्यादेखालचे किरकोळ व्यवहार सुटतात, एवढंच. लॉटरीच्या बक्षिसावरही तीसच टक्के आहेत, म्हणजे सरकारने क्रिप्टोला कुठल्या रांगेत बसवलं ते स्पष्ट आहे.

आता या वर्गाची व्याख्या बघा. माहिती, कोड, आकडा किंवा टोकन, जे गूढलेखनाच्या तंत्राने ‘किंवा अन्यथा’ तयार झालं आहे आणि मूल्याचं डिजिटल रूप आहे, ते सगळं यात येतं. व्याख्या इतकी पसरट झाली की ३० जून २०२२ ला खुलाशाची अधिसूचना काढावी लागली. गिफ्ट कार्डं, विमान कंपन्यांचे माइल्स आणि वेबसाइटची वर्गणी तिने बाहेर काढली. गिफ्ट कार्डाची आठवण झाली. परदेशी फंडाच्या युनिटबद्दल मात्र ना व्याख्येत शब्द आहे, ना अधिसूचनेत. म्हणून फंडाचा शेअर किंवा युनिट साधी भांडवली मालमत्ता म्हणूनच धरला जातो. चोवीस महिने ठेवला की दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर साडेबारा टक्के. चोवीस महिन्यांआधी विकला तर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे. तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. आणि उद्या त्याच फंडाने आपले युनिट कागदाऐवजी ब्लॉकचेनवरच्या टोकनच्या रूपात दिले, तर ते टोकन व्याख्येत अलगद येऊन पडतं आणि कर पुन्हा तीस टक्के. फंड एक, व्यवस्थापक एक, पोटातली नाणी एक. पावती कशाची आहे यावर दर ठरतो.

आकड्यांत मांडतो. म्हापशाच्या त्या तरुणाने दोन नाणी घेतली, प्रत्येकी दहा लाखांची. एकाचे वीस लाख झाले, दुसऱ्याचे दोन लाख उरले. वीस लाख घातले, बावीस लाख हाती आले. खरा नफा दोन लाख. कायदा म्हणतो, पहिल्या नाण्यात दहा लाख नफा झाला, त्याचे तीस टक्के म्हणजे तीन लाख, उपकरासह ३,१२,०००. दुसऱ्या नाण्यातले आठ लाख गेले ते गेले. दोन लाख कमावले आणि तीन लाख बारा हजार भरले, म्हणजे हा माणूस भांडवलातून कर भरतो. हीच दोन नाणी याच प्रमाणात एखाद्या परदेशी फंडाने घेतली आणि आपल्या गुंतवणूकदाराला फी वगैरे सोडून दोन लाखांचा नफा दिला, तर कर पंचवीस हजार आणि उपकर एक हजार. एकूण सव्वीस हजार. बरोबर बारापट फरक. हिशेब सोपा राहावा म्हणून रक्कम मी दोन्हीकडे सारखी धरली आहे, पण व्यवहारात दोघे एका पायरीवर नसतात. अशा खाजगी फंडात शिरायला साधारण लाखभर डॉलर तरी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, गोळा करते, पण तो रिटर्नमध्ये जमा मिळतो किंवा परत येतो. एवढी रक्कम वर्षभर अडकवून ठेवणं ज्याला परवडतं त्याच्यासाठी हा रस्ता खुला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने थेट बिटकॉईन ठेवणाऱ्या ईटीएफना, म्हणजे शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना, मंजुरी दिली, तेव्हापासून थोड्या पैशातही हा रस्ता निघाला, पण तोही डॉलर बाहेर पाठवूनच.

आमच्या बाजारात सोपो, म्हणजे बाजारकर, घेणारा समोर टोपली मांडून बसलेल्या बाईकडून दुप्पट घेईल आणि तोच माल गाडीत झाकून आणणाऱ्याकडून अर्धा, तर लोक त्याला जाब विचारतील. इथे जाब विचारणारे कमी आहेत, कारण एकतर विषय किचकट, दुसरं म्हणजे क्रिप्टोवाल्याबद्दल कुणाला फारशी सहानुभूती नाही. ‘पोरांनी जुगार खेळायचा आणि सरकारने तोटा भरून द्यायचा का?’ असं मला देवळाच्या मंडपात सुशिक्षित माणसांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. सरकारचीही भूमिका साधारण हीच होती. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोपासून लांब ठेवलं, ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, आणि बंदी घालता येत नाही तर करानेच जरब बसवावी असा विचार पुढे आला. जरब बसवायची म्हटली तरी माझी हरकत नाही. पण मग ती जरब परदेशी फंडाच्या दारापाशी आल्यावर का विरघळते? सरकारला क्रिप्टो हा जुगार वाटत असेल, तर केमनमधून खेळलेल्या जुगाराला साडेबारा टक्क्यांची सवलत कुठल्या तर्काने? आणि जुगार वाटत नसेल, तर म्हापशाच्या पोराच्या तोट्याकडे डोळेझाक का?

प्रत्यक्षात जे झालं ते सरकारच्या हेतूच्या नेमकं उलट. एक टक्का टीडीएस लागल्यावर देशी एक्स्चेंजवरची उलाढाल झपाट्याने आटली आणि लोक बाहेरच्या एक्स्चेंजवर गेले. इतके गेले की डिसेंबर २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढाव्या लागल्या. जे देशात राहिले त्यांचं काय झालं तेही आपण पाहिलं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या देशी म्हणवणाऱ्या एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला, सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, आणि ग्राहकांच्या पैशांचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात चालला, कारण मूळ कंपनी तिथली. म्हणजे ज्याने आपलं समजून घेतलं त्याचीही मालमत्ता शेवटी परमुलखातच निघाली, कर मात्र त्याने देशी दराने भरला होता. चोरीला गेलेल्या नाण्यांची कायद्यात विक्री होत नाही, म्हणून त्या तोट्याची नोंद करायलाही रिटर्नमध्ये जागा नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आपल्याआधी हाताळला आहे. अमेरिकेने १९८६ च्या करसुधारणेत ‘पॅसिव्ह फॉरिन इन्व्हेस्टमेंट कंपनी’ची तरतूद केली, तिथल्या भाषेत पिफिक. अमेरिकी माणसाने परदेशी फंडात पैसे ठेवून कर पुढे ढकलला, तर विकताना त्या नफ्यावर सर्वोच्च दराने कर आणि लांबवलेल्या वर्षांचं व्याजही. ते टाळायचं असेल तर दर वर्षी फंडाच्या नफ्यातला आपला वाटा दाखवायचा आणि त्यावर कर भरायचा. तरतूद फार जाचक आहे, ती जशीच्या तशी आपल्याकडे आणावी असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामागचा विचार सरळ आहे. घरात केलेली गुंतवणूक आणि बाहेरच्या पेटीत घालून केलेली गुंतवणूक यांत करदात्याला फायदा-तोटा होऊ नये. आपल्याकडे २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात भारतीयांच्या नियंत्रणातल्या परदेशी कंपन्यांसाठी असा नियम होता. ती संहिता कायदा झालीच नाही. २०१७ पासून ‘गार’ हा करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियम आहे, पण कर टाळण्याच्याच उद्देशाने केलेल्या रचना मोडण्यासाठी तो आहे. कायद्यानेच दिलेला कमी दर घेणाऱ्या सरळ गुंतवणूकदारावर तो चालवणं मला योग्य वाटत नाही.

फंडाच्या पोटात काय आहे ते बघून कर लावणं आपल्याला जमत नाही असंही नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने तेच केलं. ज्या म्युच्युअल फंडात देशी शेअर पस्तीस टक्क्यांहून जास्त नव्हते त्यांच्या नफ्यावर मुदत कितीही असो टप्प्यांप्रमाणे कर लागू झाला, आणि बँकेतली मुदत ठेव व रोख्यांचा फंड यांच्यातली दरी एका झटक्यात बुजली. तेव्हा फंडवाल्यांनी आरडाओरडा केला, सरकार हटलं नाही. तीच दृष्टी परदेशी डिजिटल फंडाकडे वळवायला एक उपकलम पुरेल.

आता गोव्याकडे येतो.

आपल्याकडे असा फंड घेणारा माणूस बहुतेक वेळा पणजीचा शेठ नसतो. तो बोटीवरचा असतो. तारवटी माणूस डॉलरमध्ये पगार घेतो, वर्षातले सहा महिन्यांहून जास्त दिवस बाहेर असतो, म्हणून करासाठी अनिवासी. पैसा परदेशी खात्यात, हातात फोन, सोबतीला चार देशांचे सहकारी. जहाजावर संध्याकाळी गुंतवणुकीच्याच गप्पा. त्याने एखाद्या परदेशी डिजिटल फंडात पैसे घातले तर त्यात बेकायदा काही नाही. परत आल्यावरही परकीय चलन कायद्याचं कलम ६(४) त्याला ती मालमत्ता ठेवू देतं. परत आल्यावर एक-दोन वर्षं तो ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या वर्गात असतो, तोवर परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नाही. त्यानंतर सगळं लागू होतं. आणि जेव्हा तो विकतो तेव्हा खरेदीची किंमत म्हणून मूळची किंमतच धरली जाते, तो गोव्यात परत आला त्या दिवसाची नाही. अनिवासी असताना वाढलेलं मूल्यही कराच्या जाळ्यात येतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात नव्याने निवासी होणाऱ्याची परदेशातली गुंतवणूक त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात. आपल्याकडे हे झालं पाहिजे. फक्त क्रिप्टोसाठी नव्हे, सगळ्याच परदेशी गुंतवणुकीसाठी. आयुष्याची पंचवीस वर्षं समुद्रावर घालवून आलेल्या माणसाच्या त्या वर्षांतल्या वाढीवर भारताने हक्क सांगू नये.

पण सगळ्यात अवघड प्रश्न त्याच्या बायकोचा आहे.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि तिच्यातली विवाहाची मालमत्ताविषयक व्यवस्था आजही चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो. प्राप्तिकर कायद्याने ही गोष्ट कलम ५अ मध्ये मानली आहे. हे कलम १९९४ च्या वित्त कायद्याने आलं आणि १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे गोव्यात प्राप्तिकर आला तेव्हापासून, लागू धरलं गेलं. (त्या कलमात संहितेचं साल १८६० छापलं आहे. संसदेने गोव्याचा कायदा किती लक्ष देऊन वाचला होता त्याचा हा पुरावा मला कायम खुपतो.) कलम सांगतं ते असं: पगार सोडून बाकी प्रत्येक सदराखालचं उत्पन्न नवरा-बायकोत समान वाटायचं आणि प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये निम्मं निम्मं दाखवायचं. घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, सगळं.

गेल्या मोसमात डिचोलीकडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. स्वतःचं उत्पन्न म्हणजे बँकेतलं थोडं व्याज आणि शिवणकामाचे पैसे. नवरा टँकरवर इंजिनियर, बाहेरच. त्याने ईमेलने एक स्टेटमेंट पाठवलं होतं: केमनमधल्या फंडाचे शेअर, त्यातले काही विकलेले, नफा बऱ्यापैकी. सोबत निरोप, ‘सरांना विचार याचं काय करायचं.’ मी समजावून सांगितलं की कायद्याचा शब्द सरळ वाचला तर नवऱ्याच्या भांडवली नफ्यातला निम्मा वाटा तुमचा धरला जातो. नवरा अनिवासी आहे म्हणून त्याच्या वाट्याला इथे कर नाही, पण तुम्ही निवासी आहात. त्यांनी कागद पुढे-मागे करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘सर, हे त्यांनी घेतलं, त्यांनीच विकलं. मी कुठं सही केली?’

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. गोव्यात प्लॉट विकायचा तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, सब-रजिस्ट्रार त्याशिवाय दस्त पुढे सरकवत नाही. फंडाचे शेअर ही जंगम मालमत्ता, तिला दुसऱ्याची सही लागत नाही. घेताना विचारलं नाही, विकताना सांगितलं नाही, पण कराचा निम्मा भार दारात. अनिवासी नवऱ्याचं परदेशातलं उत्पन्न, जे भारतात मुळात करपात्रच नाही, ते कलम ५अ च्या वाटणीतून निवासी बायकोच्या रिटर्नमध्ये आल्यावर करपात्र होतं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकतील. माझं मत असं की होऊ नये. जे उत्पन्न कमावणाऱ्याच्या हातात करमुक्त आहे ते वाटणीमुळे करपात्र व्हावं, हा त्या कलमाचा हेतू कधीच नव्हता. पण हेतू कलमात लिहिलेला नाही, आणि दरम्यान रिटर्न भरायची तारीख येते.

याहून गंभीर बाब जाहीर करण्याची आहे. २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने परदेशी मालमत्ता रिटर्नच्या शेड्यूल एफए मध्ये दाखवली नाही तर दहा लाख रुपयांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, हे चांगलं झालं. पण एखाद्या अभियंत्याच्या पंधरा वर्षांच्या बचतीतला फंड वीस लाखांच्या वर सहज जातो. सामाईक मालमत्तेच्या तत्त्वाने बायको निम्मी मालकीण. निवासी माणसाची परदेशात मालमत्ता असेल तर उत्पन्न करमर्यादेखाली असलं तरी रिटर्न भरणं सक्तीचं आहे, आणि साधा आयटीआर-१ चालत नाही. मग डिचोलीच्या त्या बाईंनी शेड्यूल एफए मध्ये नवऱ्याच्या फंडाचा निम्मा वाटा दाखवायचा का? मी दाखवायला सांगितलं, कारण न दाखवण्यातली जोखीम जास्त आहे. त्यासाठी फंड कधी घेतला, वर्षातली सर्वांत जास्त किंमत किती, वर्षअखेरची किती, ही सगळी माहिती लागते. ती नवऱ्याच्या मेलमध्ये, पासवर्ड नवऱ्याकडे, नवरा भर समुद्रात. त्यांचा नवरा सहकार्य करणारा होता. जिथे तो तसा नाही, जिथे नवऱ्याने बाहेर काय ठेवलंय हे बायकोला त्याच्या मरणानंतर इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीच्या, वेळी कळतं, तिथे त्या बाईला दंडाची नोटीस येणं हा घोर अन्याय ठरेल.

थेट नाणी घेणाऱ्या गोवेकर जोडप्याची तर वेगळीच गंमत होते, आणि ती गंमत सुखाची नाही. तीस टक्के सरसकट असल्यामुळे उत्पन्न दोघांत वाटून टप्प्याचा कसलाच फायदा मिळत नाही. फंडवाल्याला मिळतो: अल्प मुदतीचा नफा दोघांच्या टप्प्यांत विभागला जातो, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यात बायकोची न वापरलेली मूळ सूटही कामी येते. म्हणजे गोव्याच्या कायद्याने दिलेली सवलतसुद्धा केमनवाल्यालाच लाभते. उलट ॲपवाल्याच्या वाट्याला टीडीएसची डोकेदुखी. एक्स्चेंज एक टक्का कापतं नवऱ्याच्या पॅनवर. रिटर्नमधल्या शेड्यूल ५अ मध्ये निम्मा टीडीएस बायकोकडे वळवायचा असतो. तिच्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदीत, त्याचा मागमूस नसतो, मग मशीन म्हणतं ताळमेळ बसत नाही. भाडं आणि व्याजाच्या टीडीएसबाबत हे आमच्या ऑफिसांत जुनंच दुखणं आहे. क्रिप्टोत वर्षाला शेकडो व्यवहार असतात, तेव्हा त्याचं काय होतं ते सांगायला नको.

गोव्यात बसून असे फंड चालवणारेही आता आहेत. त्यांना थोडक्यात एवढंच: कंपनी केमनची असली तरी महत्त्वाचे निर्णय पर्वरीच्या फ्लॅटमधून होत असतील तर ‘परिणामकारक व्यवस्थापनाचं स्थान’ भारतात धरून ती कंपनीच इथली निवासी ठरू शकते, वर्षाची उलाढाल पन्नास कोटींच्या आत असेल तर हा नियम लागू होत नाही. परदेशी फंडाच्या इथल्या व्यवस्थापकाला कलम ९अ संरक्षण देतं, पण त्यात भारतीय निवाशांचा वाटा पाच टक्क्यांहून जास्त चालत नाही. मित्रांचे पैसे गोळा करून ‘ऑफशोअर’ पाटी लावणाऱ्यांना ते संरक्षण नाही, आणि नसावंच.

मग करायचं काय? माझ्या मते ज्या परदेशी फंडाची निम्म्याहून जास्त मालमत्ता डिजिटल आहे त्याच्या युनिटवर आणि थेट घेतलेल्या नाण्यावर एकच दर, एकच मुदत, तोट्याचा एकच नियम हवा. तो एक दर तीस टक्के असावा असं मी मुळीच म्हणत नाही. तोटा नाकारणारा तीस टक्क्यांचा नियम दोघांना सारखा लावला तर दोघांवर सारखा अन्याय होईल. दोन्ही साध्या भांडवली नफ्याच्या नियमात आणा. किमान डिजिटल मालमत्तेतला तोटा डिजिटल मालमत्तेच्याच नफ्यातून वजा होऊ द्या आणि पुढे नेऊ द्या. शेअर-वायद्यांत लोक बुडतात तेव्हा त्यांचा तोटा कायदा मानतो. नाण्यात बुडालेल्याचा न मानण्याला नाराजीपलीकडे आधार दिसत नाही.

‘मग माहिती कशी मिळणार, टीडीएस त्यासाठीच तर आहे,’ असं प्राप्तिकर खात्यातले लोक म्हणतात. २०२२ मध्ये या म्हणण्यात तथ्य होतं. आता चित्र बदललं आहे. सप्टेंबर २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० घोषणापत्रात आपणच क्रिप्टो माहितीच्या आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा आग्रह धरला, २०२७ पर्यंत ती सुरू करण्याच्या अनेक देशांच्या इराद्याचीही नोंद घेतली. २०२५ च्या वित्त कायद्याने एक्स्चेंजवाल्यांना व्यवहारांची माहिती देणं सक्तीचं केलं. केमनसारख्या ठिकाणांहून खात्यांची माहिती २०१७ पासूनच्या व्यवस्थेत आपल्याकडे येतेच आहे. माहितीसाठी कापायचं तर विक्रीच्या एका टक्क्याचा अगदी छोटा अंश पुरतो. एक टक्का म्हणजे रोज देवघेव करणाऱ्याचं भांडवलच गोठवणं.

१ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलबजावणीची तारीख आहे त्या नव्या प्राप्तिकर कायद्यात तीस टक्क्यांची तरतूद तशीच उचलून आणली आहे, आणि गोव्याची निम्म्या वाटणीची तरतूदही. कायद्याची भाषा सोपी झाली, प्रश्न तिथेच राहिले. म्हणून गोव्याच्या मागण्या स्वतंत्रपणे मांडायला हव्यात. अनिवासी जोडीदाराचं भारतात करपात्र नसलेलं परदेशी उत्पन्न वाटणीतून वगळा, तसं कलमात लिहा. ज्या जोडीदाराने परदेशी मालमत्ता घेतली त्यानेच शेड्यूल एफए मध्ये ती पूर्ण दाखवायची, शेजारी जोडीदाराचा पॅन द्यायचा, आणि तेवढ्याने दुसऱ्याची जबाबदारी पूर्ण झाली असं मानायचं. आणि त्या पॅनवर खात्याने एक साधा संदेश पाठवायचा: तुमच्या सामाईक मालमत्तेत अशी परदेशी गुंतवणूक दाखवली गेली आहे. यावर काही पुरुष माझ्याशी वाद घालतात, की हा खाजगीपणावर घाला आहे. मला ते पटत नाही. निम्मा कर जिच्या नावावर लावता, निम्मी मालकी जिला दीडशे वर्षं आहे, तिच्यापासून ती मालमत्ता खाजगी ठेवण्याचा हक्क गोव्यात नवऱ्याला नाहीच. बायकोने घेतली असेल तर नवऱ्याच्या बाबतीतही हेच.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. शेड्यूल एफए मधला जोडीदाराच्या पॅनचा रकाना तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ फॉर्मच्या अधिसूचनेत घालू शकतं. बाकीच्या दोन दुरुस्त्या वित्त विधेयकात बसतात, १९९४ मध्ये अख्खं कलम ५अ बसलं होतं तसं. गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत आणि राज्यसभेत एक. वित्त विधेयकावरच्या चर्चेत त्यांच्यापैकी एकाने जरी हा विषय मांडला तरी मंत्रालयाला उत्तर द्यावं लागेल. त्यासाठी लागणारा मसुदा, उदाहरणं आणि आकडे इथल्या सीएंनी आणि वकिलांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या सूचना मागवल्या जातात तेव्हाच हातात द्यायला हवेत. डिचोलीच्या त्या बाईंची परवानगी घेऊन, नाव न लिहिता, त्यांचं प्रकरण मी पहिलं उदाहरण म्हणून जोडतो आहे.